विश्लेषण : हरणाच्या शिकारीसाठी मचाण किती उंच हवे? अमेरिकी शिकाऱ्यांचा जुना वाद आणि त्यामागचे गणित

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला, की धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पुढचे तीन-चार महिने लाखो शिकारी पहाटे अंधारातच जंगलात शिरतात, झाडाला बांधलेल्या मचाणावर चढतात आणि तासन् तास निश्चल बसून राहतात. या शिकाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे सुरू आहे. मचाण जमिनीपासून किती फुटांवर बांधायचे? १५, २० की थेट ३०? ‘जितके उंच तितके चांगले’ असा अनेकांचा समज आहे. मात्र शाळेतली त्रिकोणमिती आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम लावून पाहिला, तर हा समज फारसा टिकत नाही. ठरावीक उंचीनंतर प्रत्येक वाढीव फुटागणिक फायदा कमी होतो आणि धोका वाढत जातो. हा धोका शिकाऱ्याला असतो, तसाच हरणालाही.

अमेरिकेत हरणांची शिकार कायदेशीर कशी?

तेथे सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे हे हरीण अनेक राज्यांतून जवळपास नाहीसे झाले होते. देशभरात मिळून जेमतेम ५ लाख हरणे उरल्याचा अंदाज होता. १९०० मध्ये आलेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. हंगाम, परवाने आणि प्रत्येकी किती हरणे मारता येतील याची मर्यादा राज्ये ठरवू लागली. आज ही संख्या सुमारे ३ कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते.

पूर्वेकडील राज्यांत लांडगे आणि पुमा जवळजवळ संपल्यामुळे हरणांना नैसर्गिक शत्रू फारसा उरलेला नाही. परिणामी शेतीचे नुकसान, जंगलातील कोवळी रोपे फस्त होणे आणि रस्त्यावर वाहनांशी होणाऱ्या लाखो टकरी असे प्रश्न उभे राहिले. त्यामुळे शिकार हा तेथे छंद आणि मांसाचा स्रोत आहेच, पण सरकारी यंत्रणा तिच्याकडे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणूनही पाहते.

झाडावरच का बसायचे?

पहिले कारण म्हणजे हरणाची नजर. जमिनीवर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर होणारी जराशीही हालचाल ते टिपते. माणूस वर गेला की तो या पट्ट्याबाहेर जातो. दुसरे कारण वास. उंचावर बसल्यास माणसाचा गंध काही अंतर हरणाच्या डोक्यावरून वाहून जाऊ शकतो. तिसरे कारण म्हणजे झुडपांवरून मोकळी दृष्टी मिळते.

चौथे कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते बऱ्याचदा दुर्लक्षित राहते. वरून खाली सोडलेला बाण किंवा गोळी नेम चुकला तरी लवकर जमिनीत रुतते, सरळ रेषेत दूरवर जात नाही. त्यामुळेच वस्तीजवळच्या नियंत्रित शिकारीत उंच मचाणाची अट घातली जाते. वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत उद्यानांमधील हरणांची संख्या कमी करण्यासाठी निवडक धनुर्धाऱ्यांना परवानगी मिळते, ती मचाणावरूनच बाण सोडण्याच्या अटीवर. या परिसरात भारतीय आणि त्यांत मराठी कुटुंबेही राहतात. परसातली फुलझाडे हरणांनी खाल्ल्याची तक्रार त्यांच्यासाठी नवी नाही.

साधारण उंची किती ठेवली जाते?

प्रचलित उत्तर १५ ते २५ फूट असे आहे. त्यातही २० फूट हा जणू अलिखित मापदंड बनला आहे. मात्र मचाणाच्या प्रकारानुसार त्यात फरक पडतो.

• शिडीचे मचाण : शिडी आणि आसन एकत्रच असते. उंची बहुधा १५ ते २० फूट. नवख्यांसाठी आणि वयस्कांसाठी तुलनेने सोयीचे.

• टांगते मचाण : छोटी पायफळी आणि आसन पट्ट्यांनी खोडाला आवळतात. चढण्यासाठी वेगळ्या पायऱ्या लावाव्या लागतात. उंची हवी तशी ठेवता येते.

• चढते मचाण : दोन भाग आळीपाळीने वर सरकवत शिकारी मचाणासह चढतो. त्यासाठी सरळ आणि खाली फांद्या नसलेले खोड लागते.

• सॅडल : यात मचाण नसतेच. कमरेभोवतीच्या पट्ट्यात बसून शिकारी दोरीने खोडाला टेकून लटकतो. अलीकडे हा प्रकार लोकप्रिय झाला आहे.

उंच गेल्यावर हरणाला माणूस दिसत नाही का?

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे डोके न वळवता त्याला सभोवतालचा सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. त्याची बाहुली आडवी असते आणि दृष्टिपटलावरील संवेदनशील पेशीही आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. म्हणजे क्षितिजालगतचा भाग त्याला सर्वांत चांगला दिसतो. लाल-केशरी रंग मात्र त्याला आपल्यासारखा कळत नाही. म्हणूनच बंदुकीच्या हंगामात शिकारी भडक केशरी जाकीट घालू शकतात. ते इतर शिकाऱ्यांना ठळक दिसते, हरणाला नाही.

आता थोडे गणित. हरीण १५० फुटांवर असताना १५ फुटांच्या मचाणावर उभा असलेला माणूस त्याला क्षितिजापासून साधारण साडेसहा अंश वर दिसेल. मचाण २० फुटांवर नेले तर हा कोन सुमारे ८ अंश होतो आणि ३० फुटांवर नेले तर १२ अंश. हात समोर ताठ करून मूठ धरली, तर त्या मुठीची रुंदी डोळ्याला अंदाजे १० अंश भरते. म्हणजे उंची दुप्पट करूनही दूरच्या हरणाच्या नजरेत शिकारी अर्ध्या मुठीइतकाच वर सरकतो. हरीण येताना सावध असते ते नेमक्या याच टप्प्यावर.

मग शिकारी लपतो कशामुळे? पाठीमागच्या आडोशामुळे. मागे मोकळे आकाश असेल, तर ३० फुटांवरचा माणूसही काळ्या आकृतीसारखा उठून दिसतो. मागे जाड खोड, दाट फांद्या किंवा शेजारच्या झाडाची पाने असतील, तर १५ फुटांवरही तो मिसळून जातो. शिवाय ज्या भागात शिकारीचा दबाव जास्त असतो, तेथील मोठ्या माद्या झाडांकडे मान वर करून पाहू लागतात, हा अनुभव अनेक शिकारी सांगतात. त्यांच्यापुढे केवळ उंची कामाची नाही, हालचाल न करणे कामाचे.

यात ऋतूचाही भाग आहे. ऑक्टोबरमध्ये पानांनी झाकलेले झाड नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघडेबोडके होते. हंगामाच्या सुरुवातीला १८ फुटांवर उत्तम वाटलेली जागा पानगळीनंतर उघडी पडते. अशा वेळी मचाण वर सरकवण्यापेक्षा पाने उशिरापर्यंत धरून ठेवणारा ओक किंवा सदाहरित पाइन, सीडर निवडणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

वासाचे काय?

हरणाचे खरे शस्त्र नाक आहे. उंचीमुळे गंध जवळच्या हरणाच्या वरून जातो हे काही प्रमाणात खरे असले, तरी तो पुढे कुठेतरी खाली येतोच. ऊन चढू लागले की जमिनीलगतची हवा तापून उताराने वर सरकते, तर संध्याकाळी गार झालेली हवा ओढ्या-घळींकडे खाली वाहू लागते. त्यामुळे सकाळी बिनबोभाट असलेले मचाण संध्याकाळी स्वतःच शिकाऱ्याचा वास खालच्या पायवाटेवर ओतते. मचाण पाच फूट वर नेऊन यात फरक पडत नाही. वाऱ्याची दिशा पाहून त्या दिवशी वेगळ्या झाडावर बसणे हाच उपाय उरतो.

उंची वाढली की नेम का बिघडतो?

धनुर्धारी बहुधा ६० ते ९० फुटांच्या आतच बाण सोडतो. बाण सोडताना धनुष्य पायफळीपेक्षा सुमारे ५ फूट वर असते आणि हरणाची छाती जमिनीपासून अंदाजे अडीच फुटांवर. हे धरून हिशेब केला, तर बाणाचा खालच्या दिशेचा कोन असा निघतो :

• १५ फुटांचे मचाण : हरीण ६० फुटांवर असल्यास १६ अंश, ३० फुटांवर ३० अंश, १५ फुटांवर ४९ अंश.

• २० फुटांचे मचाण : अनुक्रमे २१, ३७ आणि ५६ अंश.

• ३० फुटांचे मचाण : अनुक्रमे २८, ४७ आणि ६५ अंश.

हे आकडे महत्त्वाचे का? बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळते. बाजूने, कमी कोनातून पाहिल्यास दोन्ही फुप्फुसे एकामागे एक येतात आणि लक्ष्य मोठे असते. कोन तीव्र झाला की वरून पाठीचा कणा आणि खांद्याचे हाड आडवे येते, लक्ष्याची रुंदी घटते. बाण एकाच फुप्फुसातून जाण्याची शक्यता वाढते. असे हरीण बराच वेळ जगते, दूर पळते आणि अनेकदा सापडतच नाही. बाण शरीरातच अडकला तर जमिनीवर रक्ताचा मागही नीट उमटत नाही. जखमी होऊन तडफडणारे जनावर ही शिकाऱ्यांच्या आचारसंहितेत सर्वांत लाजिरवाणी गोष्ट मानली जाते. ३० फुटांच्या मचाणावरून ३० फुटांवरचे हरीण म्हणजे ४७ अंशांचा कोन, हा बहुतेकांनी मैदानात कधी सरावच न केलेला नेम असतो.

त्यात अंतराचा घोळ होतो. २० फुटांच्या मचाणावरून ३० फुटांवरच्या हरणापर्यंतचे तिरपे अंतर साडेसदतीस फूट भरते. मात्र गुरुत्वाकर्षणामुळे बाण किती खाली येईल, हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरते. तिरपे अंतर धरून नेम धरला, तर बाण वर लागतो. म्हणूनच कोनाचा हिशेब करून आडवे अंतर दाखवणारी यंत्रे शिकारी वापरतात. शिवाय नुसता हात खाली न झुकवता कमरेतून वाकून नेम धरायला शिकवले जाते.

डोंगरउतारावर २० फूट म्हणजे किती?

येथे फुटपट्टी फसवते. समजा, दर ३ फुटांमागे १ फूट चढणाऱ्या उतारावर २० फुटांचे मचाण बांधले. चढाच्या बाजूला ६० फुटांवर जमीनच २० फूट उंच झालेली असते. म्हणजे तेथून येणारे हरीण आणि शिकारी जवळजवळ समोरासमोर येतात. उताराच्या बाजूला उलटे होते. तिकडच्या ६० फुटांवरच्या हरणाकडे कोन २१ ऐवजी ३५ अंशांचा होतो. म्हणून उंची मोजायची ती झाडाच्या बुंध्यापासून नव्हे, तर हरीण जेथून येण्याची शक्यता आहे त्या वाटेपासून.

पडल्यास काय होते?

अमेरिकेतील अनेक राज्यांच्या वन्यजीव विभागांच्या मते, शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे प्रमुख कारण बंदूक नसून मचाणावरून पडणे हे आहे. हवेचा विरोध बाजूला ठेवल्यास जमिनीवर आदळतानाचा वेग असा येतो :

• १० फूट : ताशी सुमारे २८ किलोमीटर

• १५ फूट : ताशी ३४ किलोमीटर

• २० फूट : ताशी ३९ किलोमीटर

• ३० फूट : ताशी ४८ किलोमीटर

२० फुटांवरून पडायला एक सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. ‘काहीतरी धरू’ असे वाटून हात पुढे येईपर्यंत सगळे संपलेले असते. ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकी भिंतीवर धडकावी, तसा हा आघात असतो. फरक इतकाच, की येथे हेल्मेट नसते आणि खाली दगड, मुळे, बुंधे असतात. उंची दुप्पट झाली की आघाताची ऊर्जाही दुप्पट होते. मणका मोडणे, कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडणे, डोक्याला मार लागणे हे अशा अपघातांचे नेहमीचे परिणाम आहेत. त्यातून जंगलात एकट्याने गेलेला माणूस कित्येक तास कोणाच्या नजरेस पडत नाही.

म्हणजेच ‘कमी उंची सुरक्षित’ असेही म्हणता येत नाही. १० फुटांवरून पडूनही जीव जाऊ शकतो. म्हणून उंची कोणतीही असो, हार्नेस अनिवार्य मानला जातो.

हार्नेस असूनही अपघात का होतात?

कारण तो अर्धाच वेळ लावला जातो. बरेचसे अपघात मचाणावर बसलेले असताना नव्हे, तर चढताना, उतरताना किंवा पायरीवरून पायफळीवर पाय टाकताना होतात. वर पोहोचल्यावर हार्नेस अडकवणारा शिकारी नेमका याच टप्प्यात मोकळा असतो. त्यावर उपाय म्हणजे झाडाच्या वरच्या भागापासून बुंध्यापर्यंत सोडलेली जीवनदोरी. तिच्यावर सरकणाऱ्या गाठीला हार्नेस जमिनीवरच जोडला जातो. झटका बसला की गाठ आवळते. उतरून पाय जमिनीला टेकेपर्यंत जोडणी सुटत नाही.

हार्नेस संपूर्ण शरीराचा असावा लागतो. नुसता कमरपट्टा पडताना पोटात रुततो किंवा छातीवर सरकून श्वास कोंडतो. झाडाला बांधायची दोरी डोक्याच्या पातळीवर आणि कमीत कमी ढिली हवी. ती खाली बांधली तर आधी काही फूट पडून मगच झटका बसतो. आणखी एक धोका लटकून राहण्याचा. पाय निश्चल लोंबकळत राहिले की रक्त त्यांतच साचते, शुद्ध हरपू शकते आणि सुटका लांबल्यास जीवही जाऊ शकतो. यासाठी पाय रोवून उभे राहता येईल अशी पट्टी हार्नेससोबत देतात. धनुष्य किंवा रिकामी बंदूक हातात घेऊन चढायचे नसते, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यायची असते.

झाडही तपासावे लागते. २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळलेल्या एमरल्ड अॅश बोअरर या आशियाई किड्याने अॅश जातीची असंख्य झाडे मारली आहेत. वरून उभी दिसणारी ही झाडे आतून ठिसूळ होतात. त्यांना मचाण बांधणे म्हणजे संकटाला आमंत्रण. वर्षभर उन्हापावसात राहिलेल्या किंवा खारींनी कुरतडलेल्या पट्ट्याही ऐन वेळी तुटतात.

मग उंची ठरवायची कशी?

अनुभवी शिकाऱ्यांचा क्रम असा असतो. आधी वाऱ्याची दिशा आणि हरणांची वाट पाहून जागा ठरवायची. मग तेथले जिवंत, सरळ, जाड झाड निवडायचे. मग मागे आडोसा कोणत्या पातळीवर आहे ते पाहायचे आणि मचाण तेथेच बांधायचे. तो १४ फुटांवर असेल तर १४ फूट, २२ वर असेल तर २२. हरीण ज्या अंतरावर येणार तेथे कोन ३० अंशांच्या आसपास किंवा खाली राहतो का, हे तपासायचे. कोन जास्त येत असेल तर मचाण खाली आणायचे किंवा वाटेपासून थोडे दूरचे झाड घ्यायचे.

शेवटची कसोटी स्वतःची. ज्या उंचीवर पाय थरथरतात, तेथे नेम स्थिर राहत नाही. वर गेल्यावर खोड बारीक होते आणि वाऱ्याने जास्त डोलते. अशा ठिकाणी शिकारी हालतो, आणि हाललेला शिकारी ३० फुटांवरही दिसतो. १६ फुटांवर निवांत बसणारा माणूस ३० फुटांवर आकसून बसलेल्यापेक्षा जास्त यशस्वी ठरतो, तो त्यामुळेच.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हरणांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे शिकारीसाठी मचाण हा विषय येथे इतिहासजमा झाला. मचाण मात्र गेलेले नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाट, ताडोबासारख्या जंगलांत पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून प्राणी पाहण्याची परंपरा आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय मोजणीचे काम आता कॅमेरा ट्रॅपकडे गेले असले, तरी निसर्गानुभव म्हणून या रात्रीचे आकर्षण कायम आहे. विदर्भात रानडुक्कर आणि रोहींपासून पीक वाचवण्यासाठी शेतकरी आजही रात्र मचाणावर काढतात.

त्यांच्यासाठीही वरचा हिशेब तोच आहे. १५ फुटांवरून पडणारा माणूस मेळघाटात असो की मिशिगनमध्ये, जमिनीवर ताशी ३४ किलोमीटर वेगानेच आदळतो. शेतातल्या मचाणावर झोपेच्या गुंगीत कड सुटण्याची भीती तर आणखी जास्त. तिन्ही बाजूंनी कठडा, दर हंगामाआधी बांबू आणि बांधणीची तपासणी, हातात सामान न घेता चढणे, मोबाइल खिशात चार्ज असणे आणि आज रात्री कोणत्या मचाणावर आहोत हे घरी सांगून जाणे, एवढ्या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.